लिंबू-मिरची लावलेली वेबसाइट

मंडळी, एवढंच सांगा — दाराशी आलेलं गिऱ्हाईक परत गेलं, तर पहिला संशय कुणाचा घ्यावा? शेजाऱ्याचा! का? तो जवळ सापडतो! — हसू नका, तुम्हीही कुणाचे तरी शेजारीच आहात.

तर ऐका. वैजापुरात मुरलीधरपंत खरवंडीकरांचं मंगल कार्यालय. फरशी अशी की तीत बघून भांग पाडून घ्यावा! पण तुळशीचं लग्न तोंडावर आलं तरी पंतांकडे एक तारीख ठरेना. आणि समोर बाबूशेठ धाडिवालांचं पत्र्याचं कार्यालय — तिथं जेमतेम एखादाच मुहूर्त शिल्लक!

पंत म्हणाले, "बाबूशेठनं करणी केली!" मग संशय वॉचमनवर — "हाच पाहुण्यांना समोरचं फाटक दाखवतो!" मग वास्तुदोष म्हणून आग्नेयेच्या नळावर! संशय मुंगीसारखा असतो हो — एकीला वाट सापडली की रांग लागते.

फक्त वेबसाइटवर संशय नाही! ती तर पंतांची लाडकी. उघडली की आधी अक्षता पडणार. मग सनई — आणि ती बंद करायला बटण नाही! मग आजी आमदार, माजी आमदार, भावी आमदार — मानाप्रमाणे फोटो! हॉल कुठाय? भावी आमदारांच्या मागे, अर्धा खांब! शिवाय नजर लागू नये म्हणून कोपऱ्यात लिंबू-मिरची — हलणारी!

एके सकाळी पंतांची थोरली बहीण दारात. कमळाक्का.

"मुरल्या, तुझ्या भाचीचं लग्न समोर व्हायची वेळ आलीय!"

"बाबूशेठनं तुलाही फितवलं?"

"गप! तुझं कार्यालय मीच सुचवलं. व्याह्यांनी फोनवर तुझी वेबसाइट उघडली — कुठं? कुणाच्या तरी दहाव्याला, घाटावर! पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होते, आणि तुझी सनई सुरू! कावळा उडाला तो उडालाच!"

"अगं, पण नंतर फोन करायचा!"

"कुठला नंबर? ते दुपारी समोर बयाणा द्यायला निघालेत. घे, तूच शोध."

पंतांनी फोन घेतला. अक्षता झाल्या, सनई झाली, आमदार झाले. अंगठा वर-खाली, खाली-वर. घाम फुटला! शेवटी लिंबू जरा डावीकडे झुललं — आणि त्याच्यामागून डोकावले नंबराचे शेवटचे दोन आकडे!

मंडळी, करणी सापडली! करणारासुद्धा!

अक्का समोर बसली. "लाव त्या वेबसाइटवाल्याला फोन. सनई काढ. आमदार शेवटच्या पानावर. पहिल्या पानावर रिकाम्या हॉलचा फोटो, एका पंगतीला किती पानं उठतात, कुठल्या तारखा मोकळ्या, पत्ता. आणि नंबर ठळक — बोट ठेवलं की फोन लागेल असा. झालं की फोन त्या वॉचमनच्या हातात दे. त्याचा अंगठा जिथं अडेल, तिथं तुझं चुकलं."

वॉचमनचा अंगठा दोनदा अडला. दोनदा दुरुस्ती झाली. अक्कानं व्याह्यांना कळवलं, "पुन्हा उघडा. बिनआवाजाची आहे." घटकाभरात पंतांचा फोन खणखणला —

"खरवंडीकर का? बावीस तारीख मोकळी दिसतेय. लिहून घ्या. फक्त सनई आमची आम्ही आणू!"

आता तुम्ही सांगा मंडळी, संशय आधी कुणाचा घ्यावा? आपला! परक्याच्या अंगठ्यानं आपलं दार उघडून बघावं.

पहिल्या रांगेतले अध्यक्षसाहेब, मान खाली का? तुमच्या देवस्थानाची वेबसाइट मी कालच उघडली. तुम्ही लगेच दिसलात. देवाला मी अजून शोधतोय!