यादीतली अकरावी ओळ

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या नगराध्यक्षा माननीय रंजिताताई. व्यासपीठावर बसलेले मुख्याधिकारी साहेब. आजच्या सत्कारमूर्ती कलाबाई शहारे. त्यांच्या शेजारी बसलेली, मुर्रीहून आलेली त्यांची लेक दीप्ती आणि तिच्या मांडीवर झोपलेली आपल्यातली सर्वांत लहान पाहुणी. समोर बसलेले घंटागाडीवरचे आणि शेडमधले माझे सगळे सहकारी, आणि एवढ्या उन्हात वेळ काढून आलेले गावातले बंधू-भगिनी, आपल्या सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी दुर्गेश्वरी रहांगडाले, आरोग्य विभागातली लिपिक. मला लिहायची सवय आहे, बोलायची नाही. म्हणून कागदावरून वाचते; कुलरच्या आवाजात ऐकू आलं नाही तर सांगा. साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मला थोडी जास्त लागतील. कलाबाई आज निवृत्त होताहेत, आणि उद्या सकाळी त्यांच्या रक्ताच्या शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे. या दोन दिवसांच्या मध्ये मला काही सांगायचं आहे. आज नाही सांगितलं तर माझ्याच्यानं पुढं कधी व्हायचं नाही, एवढी मी स्वतःला ओळखते.

पण आधी कलाबाईंबद्दल.

कलाबाईंचं माहेर दरेकशाकडचं. लहानपणी त्या आईबरोबर तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायच्या. पानांचा पुडा बांधायला जी बोटं तेव्हा शिकली, तीच बोटं पुढं आपल्या शेडमध्ये बाटल्या, पुठ्ठे, पत्र्याचे डबे वेगळे करत राहिली. आपली नगरपंचायत व्हायच्या आधी, ग्रामपंचायत होती तेव्हापासून त्या कामावर आहेत. त्यांच्या हाताचा वेग पाहून आपला गाडीचालक दुधराम म्हणायचा, "मावशी, सरकारनं तुह्यासारखी आणखी एक बनवली असती तं मी घरी बसलो असतो." त्यावर कलाबाई म्हणायच्या, "तू आताही बसूनच रायतो बाबू, फक्त गाडीत बसून रायतो."

हसा. दुधराम पण हसतो आहे.

चार वर्षांपूर्वी वरून पत्र आलं. घरातला कोणता सुका कचरा आपण घ्यायलाच पाहिजे याची यादी करा आणि प्रत्येक गाडीवर लावा, म्हणून. तोवर ज्याच्या मनाला येईल तसं चालायचं. भंगारवाला घेत नाही म्हणून काच नको, वास येतो म्हणून दुधाची पिशवी नको. लोक म्हणायचे, मग आम्ही टाकायचं कुठं? नाल्यात? आणि टाकायचेही. ती यादी मी केली. दहा ओळींची. पिवळ्या गाडीवर निळ्या रंगात जी अक्षरं दिसतात ती माझी आहेत. पेंटरला मीच कागदावर काढून दिली होती.

कलाबाईंना वाचनाची फारशी सवय नाही. त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, वाचून दाखवा." मी वाचली. त्यांनी परत वाचायला लावली, मग परत. तिसऱ्यांदा त्या माझ्याबरोबर म्हणत गेल्या. कागद, पुठ्ठा, पत्रा, काच, अशा दहाच्या दहा. मग विचारलं, "अकरावा नाही न?"

मी म्हटलं, "नाही."

त्या दिवसापासून, सकाळी गाडीवर असोत की दुपारी शेडमध्ये, ती यादी त्यांनी जशी पाळली तशी ती करणाऱ्या मीही पाळली नाही. यादीत आहे ते घ्यायचंच, यादीत नाही ते हात जोडून परत करायचं. साहेब, तुमच्या बंगल्यावरची पिशवी त्यांनी परत केली होती, आठवतं? सुक्यात केळीची सालं निघाली होती. दुधराम घाबरला. म्हणाला, मावशी, साहेबाच्या घरची हाये. कलाबाई म्हणाल्या, "मंग का झालं? केळाचे सालटे का साहेबाचे येगळे रायते?" साहेब, तुम्ही स्वतः बाहेर येऊन सालं काढलीत. ही गोष्ट गावभर तुम्हीच सांगितलीत, म्हणून आज इथं बोलायचं धाडस करते.

आता दिवाळीच्या आधीची ती घटना. सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. घरोघरी साफसफाई चालली होती, शेडमध्ये पोत्यांचा ढीग लागला होता. एका पोत्यात फिनाईलची पांढरी जाड बाटली होती. झाकणाभोवती लाल टेप गुंडाळलेला होता. यादीतली चौथी ओळ अशी आहे: प्लास्टिकच्या बाटल्या, रिकाम्या करून, झाकण वेगळं. कलाबाईंना वाटलं, झाकण गळत होतं म्हणून टेप लावला असेल. त्यांनी टेप काढला. झाकण घट्ट होतं, रबरी हातमोजा त्यावरून निसटत होता, म्हणून उजव्या हाताचा मोजा काढला. झाकण उघडलं आणि रिकामी आहे का पाहायला प्रत्येक बाटली जशी उलटी करून तळहातावर आपटतात तशी आपटली.

आत इंजेक्शनच्या वापरलेल्या सुया होत्या. वर्षभराच्या. एक तळहातात मधोमध घुसली.

दुधराम ती बाटली पिशवीत घालून धावत ऑफिसात आला. आम्ही कलाबाईंना त्याच्या घंटागाडीतूनच गोंदियाला नेलं. अशा सुईतून एचआयव्ही, कावीळ होऊ शकते म्हणून डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रक्त आता तपासू, मग दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी, आणि शेवटचं सहा महिन्यांनी. त्या गोळ्यांनी कलाबाईंना दिवसातून चार-चार उलट्या व्हायच्या. तरी कामावर येत होत्या. मी म्हणायची, रजा घ्या. त्या म्हणायच्या, "घरी बसलो तं डोकं चालते मॅडम. इथं हात चालते."

इकडं गावात चर्चा सुरू झाली की सुया कुणाच्या. आपल्याकडे नाव ठरायला वेळ लागत नाही. छोटेलालजी, आपण तिसऱ्या रांगेत बसला आहात. तीस वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस, अजूनही अडीनडीला शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना इंजेक्शन देतो. मग त्याच्याशिवाय कोण? आपल्या दाराशी गाडी थांबेनाशी झाली. आपण सांगत होतात, "भाई, मैं तो सुई अस्पताल में जमा कर आता हूँ," आणि कुणी ऐकत नव्हतं. तेव्हा आपल्या फाटकात गाडी थांबवली ती एकट्या कलाबाईंनी. दुधराम म्हणाला, काऊन थांबवून राहिली मावशी, यानंच तं तुले टोचलं. त्या म्हणाल्या, "तू पाह्यलं का? पुठ्ठा यादीत हाये, डबा यादीत हाये. घ्याच लागते." आणि ज्या हाताला सुई लागली होती त्याच हातानं त्यांनी आपलं पोतं उचललं.

आपलं फाटक ऑफिससमोरच आहे; मी तेव्हा ऑफिसच्या खिडकीत उभी होते.

जानेवारीत दीप्तीला मुलगी झाली. कलाबाईंची पहिली नात. त्या मुर्रीला गेल्या, पाहून आल्या. मी विचारलं, कशी आहे? म्हणाल्या, "नाक दीप्तीचं हाये." मी म्हटलं, आणि वजन? हातात घेतल्यावर कशी वाटते? त्या हातमोजे चढवून शेडकडे निघाल्या. मग दीप्तीचा मला फोन आला. मॅडम, आई बाळाला हात लावत नाही. दारातून पाहते. जेवायला ताट वेगळं मागते, पीठ मळायला बसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे, कुशीत घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं काही होत नसतं. मीही समजावलं. कलाबाईंनी मला एवढंच म्हटलं, "डॉक्टरले माहीत हाये. पन माह्या हाताले माहीत नाही न."

नात आता चार महिन्यांची होत आली. आजीनं तिला अजून घेतलेलं नाही. मघाशी फोटो काढायच्या वेळीसुद्धा कलाबाईंनी हात मागं बांधले होते, ते तुम्ही पाहिलं असेल.

आता मला जे सांगायचं आहे ते.

त्या दिवशी गोंदियाला डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. सुई कुणाची आहे कळेल का? त्या माणसाचं रक्त तपासता आलं आणि ते चांगलं निघालं, तर यांची बरीचशी काळजी आत्ताच मिटेल. कलाबाई म्हणाल्या, गावाचा कचरा हाये साहेब, कोनाचं नाव सांगू? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायाशी दुधरामची पिशवी होती. तिच्यात बाटली होती, आणि बाटलीला चिकटलेला लाल टेप मला वरून दिसत होता.

मी म्हटलं, माहीत नाही.

ती बाटली माझ्या घरची होती.

माझ्या आईला नऊ वर्षांपासून साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन मीच टोचते. त्या सुयांचं करायचं काय, हे मी कुणाला विचारणार होते? गावातल्या लोकांनी विचारायचं ते माझ्या टेबलावर. मग मी जाड बाटली शोधली, झाकण घट्ट लावलं, वरून टेपचे तीन वेढे दिले, आणि माझ्याच हातानं सुक्या कचऱ्याच्या पोत्यात तळाशी ठेवली. मी काळजी घेतली असं मला वाटलं होतं. वरच्या टेपवर "आत सुया आहेत" एवढे तीन शब्द लिहिले नाहीत. शेजारी पाहतील, म्हणून. रोज शंभर कागदांवर लिहिणाऱ्या बाईनं.

आणि एवढंच नाही. यादीचा कच्चा मसुदा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यात अकरा ओळी आहेत. अकरावी अशी: घरात वापरलेल्या सुया, ब्लेड, फुटलेले थर्मामीटर, बंद डब्यात, वेगळे. नियमात हे वेगळं घ्यायला सांगितलेलं आहे. पण आपल्या गाडीवर त्यासाठी डबा नव्हता, पुढं कुठं पाठवायचं ते ठरलं नव्हतं. ओळ लिहिली असती तर लोकांनी विचारलं असतं आणि उत्तर मला द्यावं लागलं असतं. म्हणून मी ती खोडली. साहेबांनी सांगितलं नव्हतं, ताईंनी सांगितलं नव्हतं. मीच खोडली. कलाबाईंनी मला तोंडावर विचारलं, अकरावा नाही न, आणि मी नाही म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात साखर तपासायची म्हणून आईला नेलं आणि बाकीच्याही तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर ज्या आजारांची नावं घेत होते त्यातला एकही तिला नाही. तो रिपोर्ट सहा महिने माझ्या पर्समध्ये आहे. रोज पर्स घेऊन ऑफिसात यायची, रोज कलाबाईंना दारात पाहायची. आज सांगते, उद्या सांगते. पहिला रिपोर्ट चांगला आला, मला वाटलं, आता कशाला सांगायचं. दुसरा, तिसरा चांगला आला, वाटलं, झालंच आता. आपलं मन आपल्याला किती सवलती देतं. पण ज्या रात्री त्या झोपल्या नसतील, ज्या दिवशी नातीला दारातून पाहून परत फिरल्या असतील, ते सगळे दिवस या एका कागदानं हलके झाले असते, आणि तो माझ्याजवळ होता.

तो कागद हा आहे. साहेब, मी तुमच्यासमोर तो कलाबाईंकडे देते. दीप्ती, तू वाच, आईला वाचून दाखव. एकदा नको, तिला तीनदा ऐकायची सवय आहे.

छोटेलालजी, मी आपल्या घरी येऊन माफी मागणार आहे. आपण दार उघडलं नाही तर ते बरोबरच असेल. पण गावानं आज इथं ऐकावं की आपला काही दोष नव्हता.

साहेब, माझ्यावर जी कारवाई करायची ती करा, मी लेखी जबाब आणला आहे. त्याच्यासोबत एक अर्ज आहे. अकरावी ओळ यादीत घ्यावी आणि प्रत्येक गाडीवर झाकणाचा पत्र्याचा डबा बसवावा. पुढं कुठं पाठवायचं त्याची चौकशी मी केली आहे, पत्ता अर्जात लिहिला आहे. पेंटरला अक्षरं काढून द्यायला मी असेन की नाही, माहीत नाही. दुसऱ्या कुणाच्याही अक्षरात चालेल.

अशा भाषणाच्या शेवटी एक वाक्य म्हणायची पद्धत आहे, की बोलण्यात काही कमीजास्त झालं असल्यास क्षमा असावी. तेही मी घरून लिहून आणलं होतं. ते आता वाचत नाही. बोलण्यात कमी पडलं असेल तर तुम्ही सगळे मोठ्या मनाचे आहात, सांभाळून घ्याल. न बोलण्यात जे झालं त्याची क्षमा सभागृहाकडे मागायची नसते. ती एकाच माणसाकडे मागायची, आणि त्यांनी आज उत्तर द्यावं असंही माझं म्हणणं नाही. कलाबाई, उद्या गोंदियाला रिपोर्ट आणायला आपण बरोबर जायचं ठरलं होतं. तुम्हाला नको वाटलं तर दीप्ती येईल. चालेल म्हणालात तर मी साडेसातच्या गाडीला स्टँडवर उभी राहीन.

काय म्हणता कलाबाई? माईक लांब आहे, ऐकू येत नाही. दुधराम, कुलर बंद कर जरा.

हो. हो, तोच कागद. माझ्या आईचा. सगळं चांगलं आहे.

त्या विचारताहेत, "मंग पोरीले घेऊ म्हनता?"

घ्या, कलाबाई. आधीही घेता आली असती. दीप्ती, दे आईकडे. मान धर तिची, झोपेत आहे.

अध्यक्ष महोदया, माझं बोलणं संपलं. एवढा वेळ ऐकून घेतलंत, आपली सर्वांची आभारी आहे.