कबुतरांच्या दाण्याला जवसाचं तेल

बालाघाटच्या तेलघाणीवर रांगेत माझ्या मागे एक वयस्क जोडपं उभं होतं.

“कबुतरायले पुन्हा जवसाचं तेल काहून?” बाईंनी विचारलं.

“दाण्याले चोळाले. मादी अंड्यावर येऊन राह्यली. मागच्या खेपेले पिल्लं अंड्यातच मेली नं.”

“म्या त लावलं होतं तेल.”

“अनुसया, तू तेल तापवून दाण्याले फोडणी देली होती!”

“कच्च्या तेलानं पोट दुखंन, वाटलं.”

“कबुतराचं?”

“हसा. पिल्लाच्या मायले काय खाऊ घालाचं, मले काय मालूम? आपल्याले कुठं झालं लेकरू?”

“रडू नोको वं. या खेपेले दोघं मिळून चोळू. मी तेल सोडतो, तू दाणे हालव.”

“थेंब-थेंब सोडजा.”

“हौ.”

घाणीवाल्यानं माझी बाटली मागितली.

“आधी ह्यांना द्या,” मी म्हणालो. “माझ्या घरी कोणी खोळंबलेलं नाही.”