सासरेबुवांचा निळा

...नाही हो, गंजाबद्दल माझी तक्रारच नाही! गंज बिचारा प्रामाणिक. आहे तिथे दिसतो, बोट लावलं की भुगा होतो, विषय संपला. माझी तक्रार आहे रंगाबद्दल. एका निळ्या रंगापायी माझ्या आयुष्याचे सतरा महिने गेले, तुम्हाला सांगतो, सतरा!

झालं काय, सासरेबुवांची एक जुनी गाडी. गोल दिवे, गोल पाठ, पुढून बघितलं की नुकतीच झोपेतून उठवल्यासारखी. ह्याच गाडीतून त्यांनी सासूबाईंना लग्नानंतर घरी आणलं, ह्याच गाडीतून माझ्या बायकोला, चार दिवसांची असताना, दवाखान्यातून आणलं. सासूबाई गेल्या आणि गाडी जी शेडमध्ये उभी राहिली ती बारा वर्षं! आणि एका सकाळी चहा पिता पिता सासरेबुवा म्हणतात, "जावईबापू, ती गाडी एकदा होती तशी बघायचीय. डोळे मिटायच्या आत." आता ह्यावर माणूस काय म्हणणार? समोर बायको, डोळ्यांत पाणी... मी म्हटलं, "हात्तिच्या, एवढंच ना!" हे 'एवढंच ना' म्हणणारं माझं तोंड आहे ना, ते पहिल्या दिवशीच वेल्डिंग करून घ्यायला हवं होतं.

गाडी आणि सासरेबुवा, दोघांना घेऊन गेलो गॅरेजात. गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी खिशातून लोहचुंबक काढला, दाराला लावला. पडला. मडगार्डला लावला. पडला. बॉनेटला लावला, जरा रेंगाळला, मग तिथूनही पडला. "साहेब, ह्यात पत्रा कमी आणि पुट्टीच जास्त. आधीच्या मालकानं खड्ड्यांवर नुसती थापलीय..."

"आधीचा मालक इथे उभा आहे," सासरेबुवा म्हणाले.

उस्तादांनी चुंबक खिशात टाकला. "काही काळजी नको, बाबा. पुट्टी खरवडायची, पत्रा ठोकायचा, प्रायमर मारायचा, मग काय, फक्त फिनिशिंग!"

हे 'फक्त फिनिशिंग' मी नंतर किती वेळा ऐकलं म्हणता? दारं काढून भिंतीला टेकवली होती, तेव्हा ऐकलं. डिकीचं झाकण मांजरीनं बाळंतपणाला घेतलं होतं, तेव्हा ऐकलं. सातव्या महिन्यात गाडीत डोकावलो तर खाली थेट जमीन! "उस्ताद, गाडीचा तळ कुठाय?" "तळ होईल हो साहेब, तळाचं काय एवढं! बाकी फक्त फिनिशिंग राहिलंय!"

पण झाला हो तळ. दारं बसली, पत्रा गुळगुळीत झाला, पाणी टाकून पॉलिशपेपर मारून मारून उस्तादांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या. आणि मग आला रंग.

आता नशीब बघा! डॅशबोर्डच्या मागे उस्तादांना मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा सापडला. फिकट, स्वच्छ, आकाशी. उस्तादांनी तो फडक्यानं अलगद पुसला, "बघा साहेब, कंपनीतून निघाल्यापासून ह्याला ऊन लागलेलं नाही." मी सासरेबुवांना आणि बायकोला घेऊन गेलो. ते वाकले, पत्र्याला नाक टेकेपर्यंत वाकले आणि म्हणाले, "हा नव्हे."

"अहो बाबा, हा मूळचा..."

"हा मळकट आहे. हिरवट आहे! आमची गाडी निळी होती, निळी!"

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबांना माहीत नसणार तर कुणाला? तुम्ही होतात का तेव्हा?" नव्हतो! माझा जन्मच झाला नव्हता, आता तो काय माझा गुन्हा?

मग नमुने. उस्ताद पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारायचे, सासरेबुवा म्हणायचे, "अजून निळा." दुसरा तुकडा. "अजून." असे अकरा तुकडे! अकरावा निळा कसा? सांगू? शाईची अख्खी दौत ओतावी आणि ती रागावून जांभळी व्हावी, तसा. बघितला की दात आंबायचे. सासरेबुवांनी त्यावरून हात फिरवला. "हाच. हिच्या आईनं पहिल्या दिवशी असाच हात फिरवला होता." आता बोला! बोलून दाखवा!

मारला रंग. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे एक जाणकार आले, भिंग लावून म्हणाले, "छे! ही छटा त्या काळी नव्हतीच." मी म्हटलं, गाडी सासरेबुवांनीच नवी घेतली होती, रंग त्यांनीच ओळखलाय. भिंग खिशात गेलं. "अर्थात! अत्यंत दुर्मीळ. ह्या रंगात फार थोड्या निघाल्या." थोड्या कशाला, एकच निघाली, काल दुपारी!

आणि पंधरा दिवसांनी सासरेबुवांनी चहा कपाशेजारी ओतला. कपात नव्हे, कपाशेजारी! नेलं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेत! किती वर्षं अंगावर काढलंत? ह्यांना सगळं पिवळट दिसत असणार. निळा म्हणजे तर अगदी मळकट, हिरवट."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लागलो.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. घरी आणलं. बायको कानात म्हणतेय, "गाडीवर कव्हर घाला, कव्हर घाला!" पण सासरेबुवा सरळ फाटकाशीच थांबले. बघत राहिले. मग म्हणाले, "हा रंग कुणी निवडला?"

आता खरं सांगायचं? म्हाताऱ्या माणसाला? बायकोनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मी म्हटलं, "मी, बाबा."

"तरीच!"

परत गॅरेज. तो डॅशबोर्डमागचा तुकडा बघून सासरेबुवा कडाडले, "अहो, हा काय इथे! इतकं नाकासमोर असून तुम्हाला दिसलं नाही?" उस्तादांनी माझ्याकडे बघितलं, सगळं समजले, आणि म्हणाले, "काळजी नको बाबा, हा वरचा खरवडला की फक्त फिनिशिंग!" तीन महिने! ह्या वेळी पेपर मीही मारला.

आणि गेल्या रविवारी गाडी आली. खरी. आकाशी. सासरेबुवांनी बॉनेटवरून हळूच हात फिरवला. मग दार उघडून चालकाच्या नव्हे, शेजारच्या सीटवर, सासूबाईंच्या जागेवर जाऊन बसले, कितीतरी वेळ. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, आता आपल्याला दोन चांगले शब्द ऐकायला मिळणार. त्यांनी काच खाली केली. भर उन्हात मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, आणि मुलीला विचारलं, "अगं, तुमच्या लग्नाच्या वेळी माझे डोळे चांगले होते ना?"

तर बायकोनं काय म्हणावं?

"तुमचे चांगलेच होते, बाबा. माझे दाखवून घ्यायला हवे होते."