इंजिनला त्रास नको

सुट्या भागांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या आणि त्यांच्यापुढे एक डिझेल मिस्त्री. बाईंनी पिशवीतून काळं, तेलकट फडकं काढून मिस्त्रींपुढे धरलं, तेव्हा मी कशाला आलो होतो तेच विसरलो.

"दादा, आमच्या इमारतीच्या जनरेटरच्या धुराड्यातून हे गळतंय. म्हातारा झाला का तो?"

"वय किती?"

"चार वर्षं."

"छे, पोरवय आहे. त्याच्यावर चालतं काय काय?"

"जिन्यातले सहा दिवे."

"बस? अहो ताई, एवढ्याशा कामावर इंजिन तापतच नाही. डिझेल अर्धवट जळतं आणि असं काळं होऊन बाहेर येतं. लिफ्ट नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना. पण वीज गेली की बंद ठेवतात. सेक्रेटरी म्हणतात, इंजिनला त्रास नको."

"सेक्रेटरी राहतात कुठे?"

"तळमजल्यावर."

"वाटलंच. त्रास नाही म्हणूनच बिघडलंय ते. लिफ्ट चालवा, पाण्याचा पंप चालवा, जरा घाम फुटू द्या त्याला."

"हे कागदावर लिहून द्याल?"

"देतो की. पण वर कोणी अडकतं का?"

"माझे वडील. पाचवा मजला, गुडघे गेलेले. रोज चारला वीज जाते, ती अंधार पडल्यावर येते. बागेतले त्यांचे मित्र आता खालूनच हात करतात."

"मग त्यांचंही लिहितो ना दोन ओळी."

"नको, नको. बाबांसाठी तीन मीटिंगा झाल्यात. तुम्ही फक्त इंजिनचं लिहा, लिफ्ट आजच चालू होईल."