वाटेसाठी बसायचं

ओरिस्या : यार्कोच्या लोकरीच्या टोप्या तळाशी कशाला कोंबल्यास? वर ठेव. गाडीत लागतील.

झ्लाता : आई, तुम्ही बॅग भरताय की उपसताय?

ओरिस्या : दोन्ही. आणि पुन्हा सांगते, तुला पोलंडला बहिणीकडे जायची काही गरज नाही. माझं घर गार पडणार नाही.

झ्लाता : परवा पडलं. त्याआधी सोमवारी पडलं. बाहेर उणे पंधरा, वीज गेलेली, आणि तुमचा नातू माझ्या कोटाच्या आत. तीन महिन्यांचं लेकरू आहे ते, आई.

ओरिस्या : मग बॅटरी कशाला आणलीय? माझ्या मुलानं जोडलीय ती. नाझारच्या हातचं काम बिघडत नाही.

झ्लाता : जोडली, आणि चार दिवसांनी युद्धाच्या आघाडीवर गेला. आता वीज गेली की आपण घर तापवायच्या बॉयलरचा प्लग भिंतीतून काढून बॅटरीला लावतो. पंप फिरतो, ज्योत पेटते, आणि दहा म्हणेपर्यंत विझते.

ओरिस्या : मेला जळतो गॅसवर आणि लाड हवेत विजेचे! पण येईल वळणावर. नाझारचा बाप याहून हट्टी होता, त्याला मी सरळ केला.

पनास : निघायचं ना, ओरिस्याबाई? गाडी गरम करून ठेवलीय. रस्त्यावर बर्फ आहे, स्टेशन गाठायला वेळ लागेल.

ओरिस्या : शेजारी आहेस की जल्लाद? आधी बस. वाटेसाठी घडीभर गप्प बसल्याशिवाय माझ्या घरातून कुणी प्रवासाला गेलेलं नाही.

पनास : कुठं बसू? खुर्चीवर तर बाळाचे लंगोट वाळतायत.

ओरिस्या : काकडीच्या लोणच्याच्या पिंपावर बस. झ्लाता, तू बॅगेवर बस, यार्कोला मांडीवर घे. आता एक शब्द नाही.

(सगळे बसतात. दिवा जातो, बॉयलरची घरघर थांबते.)

पनास : गेली. आज वेळापत्रकाच्याही आधी.

झ्लाता : बघितलंत? आता तरी जाऊ द्या मला.

ओरिस्या : थांब. हा प्लग काढला, हा बॅटरीला लावला. पेटला! काय म्हणत होते मी?

झ्लाता : सात, आठ, नऊ... विझला.

पनास : माझ्या गाडीचंही असंच असतं. एक लाथ घातली की चालते.

ओरिस्या : लाथ घालशील तर तुझीच तंगडी मोडीन.

झ्लाता : नाझार होता तेव्हा एकदासुद्धा विझला नाही. माझं लाल नेलपॉलिशही वाया घालवलं त्यानं.

ओरिस्या : ते कशाला?

झ्लाता : प्लगवर ठिपका काढत बसला होता. मी हसले, तर म्हणाला, बॉयलर नखरेल आहे, तारांची बाजू उलटी झाली की स्वतःची ज्योतही त्याला ओळखू येत नाही. मी तेव्हा पोटुशी, माझं कुठं लक्ष?

ओरिस्या : लाल ठिपका? प्लगच्या एका अंगाला?

झ्लाता : हो. का?

ओरिस्या : अगं बाई... तो मी पुसला.

झ्लाता : आई!

ओरिस्या : नाताळच्या साफसफाईत. म्हटलं, सुनेनं रंग सांडलाय. तुझ्याच त्या नखं पुसायच्या बाटलीनं घासून घासून काढला.

पनास : म्हणजे हा प्लग दोन्ही बाजूंनी बसतो; भिंतीत सुलटा असतो आणि बॅटरीत आपण उलटा खुपसतो?

ओरिस्या : तू लोणच्यावर बस गप्प. हा काढला, फिरवला, लावला. झ्लाता, आता मोज.

झ्लाता : सहा, सात... नऊ, दहा... अकरा...

पनास : चालतोय की!

ओरिस्या : बसलोय ना वाटेसाठी? मग बोलायचं नाही.

पनास : बोलत नाही. फक्त पाइप तापतोय एवढंच सांगतो.

झ्लाता : हात लावून बघू? खरंच तापतोय, आई. पण आज चालला. उद्या?

ओरिस्या : उद्याही चालेल. परवाही. नाझार म्हणालाय, बॅटरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओढते, आणि वीज काही इतका वेळ जात नाही. उद्या दुसरं काही मोडलं तर तेही मी दुरुस्त करीन. पण एक ऐक. तुम्ही दोघं गेलात तर हे घर मी कुणासाठी तापवू? बॉयलरचं निमित्त पुढं करत होते मी इतके दिवस. मला तुम्ही हवे आहात.

झ्लाता : हे आधी का नाही बोललात?

ओरिस्या : सासू आहे मी. विनवण्या करू?

पनास : स्टेशनवरची रेल्वे चुकेल हं. बाहेर माझं पेट्रोल जळतंय, ते वेगळंच.

झ्लाता : पनासकाका, गाडी बंद करून या.

पनास : बंद केली तर या थंडीत पुन्हा चालू व्हायची नाही, पोरी.

झ्लाता : नाही झाली तरी चालेल.

ओरिस्या : यार्को बघ, कसा लाल झालाय. टोपी काढू का त्याची? घाम येईल.

झ्लाता : काढा. कोटही काढा.