नंदाचे पोहे

मी मूळची राजापूरकडची. लग्न झालं नि लालबागच्या चाळीत आले, नवरा गिरणीत आणि मी शाळेत आयाबाई, घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पोरांची नाकं पुसायची. काय सांगू तुम्हाला, गिरण्यांचा संप झाला, कोण संपावर, कोण कामावर, नि चाळीतलं ते भांडण शाळेतपण घुसलं. मोठी माणसं घरात बोलतात, पोरं ऐकतात, नि मधल्या सुट्टीत तेच दुसऱ्याच्या तोंडावर मारतात!

नंदा म्हणून पोर होती, चौथीतली. तिची आय आजारी, घरात चूल पेटेना, म्हणून बाप संप चालू असतानाच कामावर गेला. झालं! पोरं तिला गद्दाराची पोर म्हणायला लागली, बाकावर शेजारी कोण बसेना. आणि ह्यात सगळ्यात पुढे कोण, तर माझीच पोर संगीता, तिच्याच वर्गातली. मी तिला दोन धपाटे घातले, तर नंदाला आणखीनच त्रास, चुगली केलीस म्हणून. मोरीमागे एकटी बसून डबा खायची पोर. एक दिवस म्हणाली, मावशी, मी आता शाळेत नाय येणार.

दुसऱ्या दिवशी शाळेत गोपाळकाला, सगळी पोरं मूठमूठ पोहे आणायची नि मी परातीत दही घालून कालवायची. नंदाला मी घरून हाताला धरून आणली. तिनं पुडी पुढे केली तर संगीता म्हणते, हिचे नको. मी पुडी घेतली, परातीत ओतली, कालवलं, नि सगळ्यांदेखत पहिला घास मी खाल्ला. म्हटलं, माझा नवरा संपावर हाय, माझ्या घरातपण पेजच हाय, पण आमचं भांडण मालकाशी, ह्या पोरीशी नाय. आता काढा बघू निवडून हिचे पोहे! एकीनं हात घातला, मग सगळ्यांनी. संगीता तेवढी उपाशी घरी आली, हट्टी मेली, माझ्यावरच गेलीय. नवरा भडकला, गद्दाराचं खाल्लंस? म्हटलं, पोरीचं खाल्लं.

नंदा शिकली हो, शाळा नाय सोडली. बाकीच्या पोरी बोलायला लागल्या, संगीता नाय.

आता गिरणीच्या जागी टॉवर. गेल्या साली नवरा गेला, सुतकात चूल बंद, तर पहिला डबा घेऊन दारात कोण, नंदा! दार संगीतानं उघडलं. नंदा एवढंच म्हणाली, वरणभात हाय, गरम हाय तोवर खा. संगीता तिथंच उंबऱ्यात बसली, डबा उघडून घास तोंडात घातला नि ढसाढसा रडली, नि नंदा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. सुखी राहा गो बाय, म्हटलं दोघींना.