तिसरा टाकला की फोन लागतो

नाही हो मिस्त्री, आवाजाची तक्रार नाहीच — आवाज झकास, चित्र झकास, सगळं झकास. अहो, या पिकअपमध्ये आधी काय होतं? एक टेप. तोही एकाच स्पीकरमधून गायचा, आणि खड्डा आला की रुसायचा. तिथे तुम्ही ही एवढी मोठी टचस्क्रीन बसवलीत, आमच्या म्हातारीचं रूपच पालटलं. तक्रार वेगळीच आहे. या ना, इकडे बाजूला बसा, ती उशी टाका मागे. आता बघा हं — पहिला गिअर. झालं काही? नाही. दुसरा. झालं काही? नाही. आता तिसरा टाकायचा म्हणजे दांडी कुठे जाते? पुढे. पहिल्यासारखी कडेला नाही, मधोमध. आणि तिथे काय आहे? तुमची स्क्रीन! मूठ बरोब्बर त्या कोपऱ्यात टेकते, ते चांदणीचं बटण दिसतंय ना, तिथे — आणि फोन लागतो. अहो, हात काढा, हात काढा! दाखवायला म्हणूनसुद्धा टाकू नका. आत्ता लागला तर मी काय बोलू त्याच्याशी?

कुणाशी म्हणजे? दादाशी. माझा थोरला भाऊ हो. तुम्हीच नाही का विचारलंत त्या दिवशी, चांदणीवर कुणाचा नंबर ठेवू म्हणून? मी तेव्हा मागे गाद्या बांधत होतो, तोंडात दोरी — म्हटलं, ठेवा की, फोनमध्ये ज्याच्या नावापुढे चांदणी असेल त्याचा. मला काय ठाऊक दादाच्या नावापुढे अजून चांदणी आहे! म्हणजे — ठाऊक होतं. पण ती काढायची कशी ते कुणाला येतं? बायकोला येतं. तिने एकदा काढून दिली होती. मग मी परत लावली, काढायला शिकावी म्हणून. आणि मग कामात राहूनच गेलं.

काय म्हणता, सरकेल मागे? बोटभर? आतली पट्टी कापली की झालं? मग कापा ना! त्यासाठीच तर आलोय सकाळी सकाळी, गाद्या तशाच ठेवून, वाटेत तिसरा न टाकता. जुन्या गाडीत खाचच लहान, स्क्रीन पुढे येणार, असं तुम्ही आधीच बोलला होतात, मीच म्हटलं येऊ दे पुढे, दिसेल तरी लोकांना. चूक माझी. काढा ती चौकट. सावकाश हं — तो प्लास्टिकचा तुकडा आधीच तुटलेला आहे, डिंकाने चिकटवलाय.

बोलत नाही ना आम्ही. दादा आणि मी. अबोलाच धरलाय म्हणा ना. गेल्या वर्षीपासून. आता तुम्ही म्हणाल, सख्खे भाऊ, का बोलत नाहीत? शेती नाही, घर नाही, कसली वाटणी नाही. फाटक! दादाच्या घराचं नवंकोरं फाटक. आम्ही दोघं मिळून गाद्या पोचवायचो — मी चालवायचो, तो मागे उभा राहून गाडी मागे घ्यायला सांगायचा. मागे गाद्या रचल्या की आरशात दिसतं काय? गाद्या. म्हणजे मागे माणूस लागतोच. आणि दादासारखा माणूस नाही हो, हाताने एवढं-एवढं दाखवत, ‘येऊ दे, येऊ दे’ करत सुईच्या नाकातून गाडी काढेल. आणि नेमकी त्याच्याच घरी, त्याच्याच फाटकाशी गाडी मागे घेताना साहेब काय करत होते? शेजाऱ्याला फाटकाचा रंग दाखवत होते! फाटकाकडे तोंड, गाडीकडे पाठ, आणि तोंडाने ‘येऊ दे’ चालूच. आलो मी. फाटक आडवं. तो म्हणतो, तुला आरसे दिलेत ते भांग पाडायला का? मी म्हणतो, तुला मागे उभं केलंय ते रंगाचं कौतुक करायला का? झालं. तो म्हणाला, मरेन पण तुला फोन करणार नाही. मी म्हटलं, मी तरी कशाला करतोय! मग तो रंगाच्या दुकानात कामाला लागला, आणि मी ही स्क्रीन घेतली. गाणी-बिणी निमित्त हो — मागचा कॅमेरा हवा होता मला. म्हटलं, आता मागे कुणी उभं राहायलाच नको. लागत नाही मला कुणी.

आणि काय झालं? तुमच्याकडून निघालो, पहिल्याच सरळ रस्त्याला तिसरा टाकला, गाडीभर घंटी घुमली आणि चारी स्पीकरमधून दादाचा आवाज — ‘काय आहे?’ मिस्त्री, माझा पाय ब्रेकवर नाही, वर सीटवर आला असेल. मी म्हटलं, तू का फोन केलास? तो म्हणतो, मी? तूच केलास! मी म्हटलं, मी नाही केला. तो म्हणाला, मग काय तुझ्या गाद्यांनी केला? आणि ठेवला. पुढे सिग्नल. पहिला, दुसरा, तिसरा — ‘परत काय आहे?’ पुढे गतिरोधक — ‘अरे, बोलायचं असेल तर बोल ना बाबा, नुसतं इंजिन काय ऐकवतोस!’

मग मी तिसरा टाळायला लागलो. दुसऱ्यावरच चालवायची — इंजिन असं बोंबलायला लागलं की लोक रस्ता सोडून उभे राहायला लागले, वाटलं कुठे आग लागली. मग दुसऱ्यावरून थेट चौथा टाकून बघितला — गाडी अशी उचक्या देत चालली की बायकोने दोन्ही हातांनी टप धरला. म्हणाली, अहो, माणसासारखा तिसरा टाका. टाकला. लागला फोन. आणि तिला काय, आयतंच मिळालं! ‘भाऊजी, कसे आहात, जाऊबाई आहेत का, तुमचा गुडघा कसा आहे?’ — तिकडून वहिनी, इकडून ही. वर्षभराचं तुंबलेलं बोलणं हो, गाडी नुसती वाहत होती. मी मध्ये बसलोय पुतळ्यासारखा. आता तर काय, गाडी दारात उभी असली तरी येऊन बसते आणि म्हणते, ‘तिसरा टाका ना, जाऊबाईंना एक विचारायचं राहिलंय.’ स्वतःचा फोन आहे हो तिच्याकडे! पण म्हणते, गाडीतून मोठ्याने ऐकू येतं.

दादाला सांगितलं की मी, गिअरचं. स्वच्छ सांगितलं — हे बघ, मी फोन करत नाही, गिअर करतो. तो म्हणाला, ‘असं? गिअर करतो का? मग गिअरला सांग, दुपारी दुकानात गर्दी असते, संध्याकाळी कर म्हणावं.’ काय करणार? मी आता संध्याकाळी माल पोचवतो. जरा लांबच्या रस्त्याने. त्या रस्त्याला गतिरोधक जास्त आहेत, गिअर सारखे बदलावे लागतात — रस्ता चांगला आहे हो, सावली आहे. संध्याकाळची सावली.

बोलतो काय? बोलत नाही आम्ही, सांगितलं ना! तो ‘काय आहे’ म्हणतो, मी ‘काही नाही, गिअर’ म्हणतो. मग तो विचारतो, कुठे चाललास? मग सांगावं लागतं. मग तो म्हणतो, त्या गल्लीतून नको, पुढे खोदलंय. परवा तर काय झालं — फोन चालू, आणि मला गाडी मागे घ्यायची. आता कॅमेऱ्यात मागचं दिसायला पाहिजे, तर स्क्रीनवर फोन चालू म्हणून दादाचाच फोटो! तोंडभर. मागचं काहीच दिसेना. मी म्हटलं, तू ठेव फोन, मला मागे घ्यायचंय. तो म्हणाला, ‘घे की. येऊ दे, येऊ दे —’ अहो, तो तिकडे रंगाच्या दुकानात डबे लावतोय, त्याला काय दिसतंय, डोंबल! मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होतो आणि त्याला सांगत होतो, अजून हातभर जागा आहे. तो म्हणायचा, ‘येऊ दे.’ मी म्हटलं, आता टेकेल. तो ओरडला, ‘बस्स!’ आणि अशी लागली गाडी, मिस्त्री, अशी लागली — गाद्या घेणारा दुकानदार बाहेर येऊन बघत राहिला. एवढी सरळ मी वर्षभरात लावली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. मान पिळली होती ना खिडकीत, त्याचं.

झालं? इतक्यात? कापलीत पण पट्टी? बसली सुद्धा जाग्यावर... हो, दिसतंय, चांगली बोटभर मागे गेलीये. सफाईदार. बघू, टाका तिसरा. थांबा, मीच टाकतो. पहिला — दुसरा — तिसरा.

नाही लागला. परत टाकू? परत टाकतो. नाही. जरा कडेने दाबून — नाहीच पोचत. छान. छान झालं काम. तुमच्या हाताला तोड नाही. म्हणजे आता टाकायचा तिसरा आणि जायचं. गपचूप. लोक जातात तसं.

काय म्हणता, बोट लावून करा? हो, बोटाने होईल की. बटण तिथेच आहे. पण मिस्त्री, बोट कुणाचं? माझं ना? बोटाने केला म्हणजे मीच केला असं होईल! मग तो म्हणणार, बघ, शेवटी तूच केलास. गिअरने केला तर कुणीच केला नाही. तुमच्या लक्षात येतंय का? त्याचाही मान राहतो, माझाही राहतो, आणि गुडघ्याचंही कळतं. तो करणार नाही हो कधी. ओळखतो मी त्याला, शब्दाला चिकटून बसणारा माणूस, लहानपणी एकदा जेवणार नाही म्हणाला तर आईचे हात भरवून भरवून दुखले. मी पण तसलाच. म्हणून म्हणतो — पट्टी परत जोडता येईल का? वितळवून, चिकटवून, कशीही? नाहीतर पुठ्ठा घाला मागे. बोटभर पुढे आणा, बस्स. हसू नका. लोक गाडीचं काय काय करून घेतात, मी एवढंच म्हणतोय, बिघडलं होतं तसं करून द्या. मी काय —

अहो, काय केलंत? हात लावलात का तुम्ही? मग वाजतंय काय हे? मी पण नाही लावला. हे बघा, माझे दोन्ही हात इथे आहेत. तुमचे तिथे. आणि गिअर — हलवून बघा ना दांडी — न्यूट्रलला आहे. हा फोटो... ‘दादा’ लिहिलंय. हिरवं बटणही नाचतंय, लाल पण. म्हणजे हा इकडून गेलेला नाही, मिस्त्री. आलेला आहे. तिकडून. काल संध्याकाळी गाडी काढलीच नाही मी, गिअर पडला नाही, म्हणून त्याने —

उतरा. उतरा हो खाली, पट्टी-बिट्टी राहू दे, काही करू नका आता. दार ओढून घ्या. घट्ट. आणि काच वर करा उतरता उतरता.